दिवेलागणीची काडी

६ जानेवारी

प्रिय ताई,

हे पत्र यांच्या बॅगेत सगळ्यात खाली, तुमच्या जुन्या शालीच्या घडीत ठेवलं आहे. शाल तुमची, तेव्हा ती तुम्हीच उलगडाल. तुमच्या भावाच्या हाती पडलं तर "माझ्या माघारी माझीच गाऱ्हाणी" म्हणून मला ऐकून घ्यावं लागेल.

फोनवर मला बोलता येत नाही. हे तुमच्या शेजारी बसलेले असणार, आणि माझा आवाज जरा भरून आला की यांना लगेच कळतं. म्हणून मी पत्रं लिहीन. तुम्हीही लिहा, आणि खरं तेच लिहा. मला सांभाळून घेऊ नका.

उजव्या पायाचं दुसरं बोट आता शाईत बुडवल्यासारखं काळं झालं आहे. इथले सर्जन जे बोलले ते मी घरी येऊन शब्दाला शब्द उतरवून ठेवलं. "पायातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात. सिगारेट पूर्ण सुटली तर पाय वाचेल. कमी केली, हे मला सांगायला येऊ नका. एक ओढलीत काय आणि वीस ओढल्यात काय, पाय जाईल." एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा बघणार आहेत. या दुखण्यात निकोटिनची पट्टी किंवा गोळीही चालत नाही, विष तेच म्हणे. म्हणून तुमच्या हॉस्पिटलातला तो सवय मोडायचा आठ आठवड्यांचा उपचार, आणि त्यासाठीच यांना तुमच्याकडे पाठवते आहे. यांनी तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून कामं केली. एका पायाचा लिफ्टमिस्त्री कोण ठेवणार? आणि घरात बसून हे काय करणार? तेही सोडा. मला तो पाय नसलेला बघवणार नाही.

औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसतं बोलून सिगारेट सुटते का हो? आणि मशीनमध्ये घालून मेंदूचा फोटो काढतात म्हणे. डोक्याला करंट तर देत नाहीत ना?

रोजच्या सव्वीस व्हायच्या. मागच्या खेपेला, चार वर्षांपूर्वी, यांनी आपल्या मनानेच सोडली होती. अकरा दिवस टिकली. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

देव तुमच्या हाताला यश देवो.

तुमची वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

शाल मिळाली, पत्र मिळालं, शालीतून डांबरगोळीही मिळाली. तू डांबरगोळीसुद्धा अर्धी करून घालतेस हे मला आजच कळलं.

आता ऐक. करंटबिरंट काही नाही. मशीन म्हणजे एक मोठं पांढरं नळकांडं. माणूस आत आडवा झोपतो, आतून ठोकल्यासारखे आवाज येतात, आणि मेंदूच्या कुठल्या भागात कधी जास्त रक्त धावतंय ते बाहेर आम्हाला पडद्यावर दिसतं. या खोलीत माणसांना आत सरकवायचं काम मी चौदा वर्षं करते आहे. पण सख्ख्या भावाला सरकवताना माझं बोट बटणावरच अडलं. दादा मात्र झोपल्या झोपल्या विचारतो, "ही लिफ्ट आडवी कशी? वजन किती झेपतं?" म्हटलं, वजन झेपतं, बडबड झेपत नाही, तोंड बंद.

आत त्याला एकामागून एक चित्रं दाखवली. चमचा, कंगवा, छत्री. आणि मधेच राखेची वाटी, बोटांत धरलेली सिगारेट, पेटती काडी. चमच्याला मेंदू ढिम्म हलत नाही. सिगारेटचं काही आलं की खोल आतला एक भाग जागा होतो. आपल्याला कळायच्या आधी तोच हात पुढे करतो. कपाळाच्या मागे दुसरा एक भाग आहे, थांब म्हणणारा. दादाचा तो भाग गाढ झोपलेला दिसला. आठ आठवड्यांनी पुन्हा असंच बघणार.

उपचार करणाऱ्या बाई शांत आहेत, पण कडक. दादाला एक डायरी दिली आहे. ओढ लागली की लिहायचं. किती वाजले, कुठे होतो, सोबत कोण होतं, कारण काय, आणि दहापैकी किती जोर होता. उद्या सकाळपासून सिगारेट बंद. रोज एका नळीत फुंकायचं, म्हणजे चोरून ओढली तर आकडा वर जातो.

मेंदूच्या चित्राची एक प्रत सोबत ठेवते. बघ आणि ठेवून दे.

ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

चित्र बघितलं. डोक्याच्या मधोमध एवढं लाल? ती जखम आहे का? मी ते घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं. पुन्हा काढलं, पुन्हा बघितलं. आता जागेवरून हलवत नाही.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकले. आमच्या शास्त्राच्या पुस्तकात मेंदूचं एकच पान होतं, आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही म्हणून बाईंनी ते सोडून दिलं होतं. तेव्हा हसलो आम्ही मुली.

समोर इस्त्री करणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना जरासं बोलले. त्या म्हणाल्या, "डोक्यातलं एक काढायला गेलं की चार गोष्टी निघून येतात. आमचे दीर दारू सोडून आले, पण घरी आलेला माणूस आमचा नव्हताच." इस्त्री थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून जास्त लागलं. ताई, तुमच्या बाई जे पुसतात ते नेमकं तेवढंच पुसलं जातं का? चोवीस वर्षं या माणसाच्या प्रत्येक आठवणीत सिगारेट आहे. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा यांचा एक हात पाठीमागे आहे, का ते तुम्हाला माहीत आहे. लाल गेलं आणि त्याच्याबरोबर मीही गेले तर?

फोनवर हे "बरं आहे" एवढंच म्हणतात. काल विचारलं, जेवणात काय होतं? तर म्हणाले, "अन्न." डायरीत काय लिहितात? मला कळवाल?

तुमची वहिनी


२९ जानेवारी

वहिनी,

आधी चांगलं सांगते. आज पंधरावा दिवस. अकरावा गेला. नळीतला आकडा रोज दोन किंवा तीन, म्हणजे स्वच्छ.

लाल म्हणजे जखम नव्हे, बाई. रंग कॉम्प्युटर भरतो, जिथे जास्त रक्त धावलं तिथे. हिरवाही भरला असता, मग तू म्हणाली असतीस शेवाळं धरलं. चूक माझीच, चित्रासोबत हे लिहायला हवं होतं.

आता वाईट. तू खरं मागितलंस म्हणून लिहिते. मी खुर्ची जोरात सरकवली एवढ्यावरून पाचव्या दिवशी दादाने कप भिंतीवर मारला. मग तुकडे स्वतःच गोळा केले, आणि मला म्हणाला, "ताई, माझ्या अंगात दुसरा कोणी राहायला आलाय आणि तो भाडं देत नाही." मी हसले. तो हसला नाही. नवव्या दिवशी काही न सांगता बाहेर पडला, त्या पायाने. पाऊण तासाने आला, घामाने निथळत. मी सरळ जवळ जाऊन वास घेतला. वास नव्हता. मला इतकी लाज वाटली वहिनी, पण घेतला.

बाई म्हणतात हे असंच होतं. ओढ लाटेसारखी चढते आणि दहा मिनिटांत उतरते. उतरेपर्यंत काही करायचं नाही, नुसतं बघत राहायचं. एकेक लाट न ओढता गेली की त्या लाल भागाला कळतं, आपण हाक मारली तरी आता कोणी येत नाही.

डायरी त्याने मला दाखवली. सकाळच्या चहाला सहा. जेवणानंतर सात. आणि रोज संध्याकाळी सात वाजता दहा, दहा, दहा. मी घरी असो नसो, बाहेर थंडी असो नसो. कारणाचा रकाना तो कोरा सोडतो. बाईंनी दोनदा विचारलं, त्याने पान उलटलं.

तुमच्या घरी सात वाजता काय असतं गं?

ताई


४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुमच्या पत्राने जिवात जीव आला. सात वाजता काय असतं म्हणून विचारता? सात वाजता आमच्याकडे दिवेलागण.

हे साडेसहाला कामावरून येतात, हातपाय धुऊन दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसतात. देव्हारा त्या खुर्चीच्या डाव्या हाताला आहे. मी काडी ओढते, दिवा लावते, आणि तीच जळती काडी यांच्यापुढे धरते. हे पुढे वाकून सिगारेट पेटवून घेतात. लग्न झालं त्या पहिल्या आठवड्यात मीच म्हटलं होतं, दुसरी काडी कशाला फुकट घालवता, ही आहे की पेटलेली. तेव्हापासून चोवीस वर्षं एका काडीत दोन कामं होतात. काडी विझेल म्हणून हे माझं मनगट धरतात. तुम्ही नणंद म्हणून हसाल, पण दिवसभरात आमचा हाताला हात लागायचा तो तेवढाच.

म्हणजे सात वाजले की यांना घराची आठवण येते. दहापैकी दहा. आणि मी वेडी इस्त्रीवाल्या बाईंचं ऐकून रडत बसले.

यांना सांगा, इथे सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे. खुर्ची जागेवर आहे. रोज सातला दिवा लावल्यावर मी काडी जरा वेळ खुर्चीकडे धरते, बोटाला चटका बसेपर्यंत. हे येतील तेव्हा त्यांना काही बदललेलं वाटायला नको.

बोटाचं काय म्हणतात डॉक्टर? त्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. खाली बसून वाच.

बोट काढलं. मागच्या मंगळवारी. ते वाचणार नव्हतंच, विष वर चढू नये म्हणून काढलं. बाकीचा पाय सध्या तसाच आहे, पुढे काय ते कोणी सांगत नाही. दादा म्हणाला तिला कळवू नकोस, म्हणून आणखी दोन पत्रं मी हे टाळलं असतं. तुला खरं सांगीन म्हटलं होतं, म्हणून सांगते.

दुसरं. तुझं पत्र मी दादाला वाचून दाखवलं. तुला आनंद झाला होता, म्हटलं त्यालाही होईल. काडीच्या ओळीला आले आणि तो उठून मोरीत गेला, नळ सोडून उभा राहिला. बाहेर आल्यावर डायरी मागितली आणि सगळ्या कोऱ्या रकान्यांत एकच गोष्ट लिहिली, "बायकोच्या हातातली काडी."

मी कामावर जाऊन पहिल्या दिवशीची चित्रं पुन्हा काढून बघितली. राखेच्या वाटीला थोडं लाल, सिगारेटला जास्त, आणि पेटत्या काडीला सगळ्यात जास्त. मी ते तेव्हाच बघितलं होतं, पण अर्थ लागला नव्हता.

वहिनी, सात वाजता त्याला घराची आठवण येते हे खोटं नाही. पण त्याच्या मेंदूत तू, दिवा, ती खुर्ची आणि सिगारेट एकाच ठिकाणी बसलेत. एकाला हात लावला की चौघं उठतात. यात तुझा दोष नाही. बाईही तेच म्हणाल्या, हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. पण घर जसंच्या तसं ठेवू नकोस. काहीएक तसं ठेवू नकोस. तो घरी येईल तेव्हा सगळं हललेलं असू दे. खुर्ची, देव्हारा, दिव्याची वेळ, काडेपेटी, सगळं.

एक विचारायचं राहिलं. चार वर्षांपूर्वी अकराव्या दिवशी काय झालं, असं बाईंनी विचारलं. दादा म्हणाला, "मीच आणली, मीच ओढली." पण बोलताना बाईंकडे बघेना. तुला काही माहीत आहे?

ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुमच्या पत्राला सोळा दिवस झाले. तुमचे फोन आले, मी दोनदा उचलून ठेवले. आजारी नव्हते. लिहायला बसायचे आणि उठायचे.

अकराव्या दिवशी सिगारेट यांनी आणली नाही. मी आणली.

त्या दिवशी हे सकाळपासून खुर्चीतून उठले नाहीत. ताट पुढे ठेवलं, बघितलं नाही. दुपारी चारच्या सुमाराला उठले, आतल्या दाराच्या चौकटीजवळ गेले आणि कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. मला बोट लावलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं आपटलं, जसा कोणी खिळा ठोकतो. मला वाटलं डोकं फुटेल, वेड लागेल. मी पायात चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द दुकानात उच्चारला. दुकानदार म्हणाला, "तुमच्यासाठी का वहिनी?" आणि हसला. घरी आले, पाकीट फोडलं, काडी मी ओढली, सिगारेट त्यांच्या ओठांत मी ठेवली. हे रडले. मग म्हणाले, "कुणी विचारलं तर मी आणली म्हणून सांगायचं." तसंच सांगत आले. देवापुढे रोज उभी राहते पण देवालाही सांगितलं नाही. जणू त्याला दिसलंच नसेल.

तेव्हा सुटली असती तर पायाला हे झालंच नसतं. बोट डॉक्टरांनी कापलं, पण सुरी मी चार वर्षं आधी दिली होती.

तुमच्या चित्रातलं लाल मी आहे, ताई. खुर्ची हलवता येईल, देव्हारा हलवता येईल. मला कुठे हलवणार? यांना घरी पाठवू नका. उपचार संपला तरी तिथेच ठेवून घ्या. पाय राहू दे, मी नसले तरी चालेल. मी हे मनापासून लिहिते आहे, रुसून नाही. मला माझी भीती वाटते. हे पुन्हा आपटतील आणि मी पुन्हा दुकानात जाईन. मला माझे पाय माहीत आहेत.

तुमची वहिनी


६ मार्च

मालकीणबाई,

ताईने तुझं पत्र दाखवलं. मी जबरदस्तीने मागितलं, तिला बोलू नकोस. मला पत्र लिहायची सवय नाही, लिफ्टच्या दुरुस्तीचा रिपोर्ट लिहितो तसं होईल.

पहिलं. त्या दिवशी डोकं तीनदा आपटलं. पहिलं खरं होतं. त्यानंतर तुझ्याकडे बघितलं, तुझा चेहरा पांढरा झाला होता, आणि मला कळलं की आता ही जाईल आणि आणेल. दुसरं आणि तिसरं मी तुझ्याकडे बघून आपटलं. चार वर्षं तुला वाटत राहिलं की तू घाबरून चुकलीस. तू चुकली नाहीस. मी तुला घाबरवून पाठवलं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या नुसतं म्हणाल्या, घरी लिहा.

दुसरं. काल पुन्हा मशीनमध्ये गेलो. तीच चित्रं. काडी आली तेव्हा वाटलं आता सगळं पेटणार. नंतर ताईने दोन्ही कागद शेजारी धरले. लाल आहे. कमी आहे, पण आहे. आणि कपाळामागे, जिथे आधी अंधार होता, तिथे थोडं उजळलंय. ताई खूश. मला मिस्त्री म्हणून जे दिसलं ते सांगतो. बटण दाबलं की लिफ्टचा डबा येतो. बटण काढता येत नाही. पण दार नीट लागल्याशिवाय डबा हलू नये म्हणून दारात एक खटका असतो. माझ्या डोक्यात बटण होतं, खटका नव्हता. आता बसवलाय. नवा खटका कधी अडकतो, कधी ऐनवेळी लागत नाही. नव्या खटक्यावर मी स्वतः सहा महिने विश्वास ठेवत नाही.

म्हणून तिसरं. मी बारा तारखेला घरी येतोय. मी पुन्हा तुला घाबरवीन. मला तसं करायचं नाही, पण करीन. तेव्हा माझ्यावर दया करू नकोस. शेजारी जा, जिन्यात बस, मला शिव्या दे. तुला एकही येत नसेल तर मी आल्यावर दोन शिकवीन.

तू नसलीस तरी चालेल असं पुन्हा लिहू नकोस. मला चालणार नाही. आणि चालायला माझ्याकडे अजून नऊ बोटं आहेत.

तुझा


८ एप्रिल

प्रिय ताई,

हे आल्यापासून पत्र लिहिलं नाही, रागावू नका. आज सगळं लिहिते.

देव्हारा स्वयंपाकघरात नेला. दिवा आता पहाटे, हे उठायच्या आत लावते. देवाला आधी सांगितलं की वेळ बदलते आहे. त्याने हरकत घेतल्याचं जाणवलं नाही. घरात काडेपेटी नाही, पिस्तुलाने गॅस पेटवते आणि त्याच आचेवर फुलवात धरून दिवा लावते. पिस्तुलाचा टक असा आवाज होतो, देवपूजेला शोभत नाही, पण आता सवय झाली. वेताची खुर्ची इस्त्रीवाल्या बाईंना दिली. त्या म्हणाल्या, "चांगली खुर्ची का देता?" म्हटलं, तिला ढेकूण झालेत. मग त्या घेईनात. शेवटी खरं सांगावं लागलं.

पंधरा दिवस हे शांत होते. सातला हे मागच्या गॅलरीत बसून कुणाची तरी कुलपं खोलून दुरुस्त करायचे. मीही जवळ जात नव्हते. ताई, मला नवऱ्याच्या जवळ जायची भीती वाटायची. माझा हात दिसला की आत काय पेटत असेल, असं वाटून मी भांडीसुद्धा पदराखाली हात घेऊन नेत होते. यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "हात काढ बाहेर. हातालाही सवय होऊ दे." मग रोज सातला मी त्यांच्यासमोर बसून भाजी निवडू लागले. नुसती. तिकडच्या उपचाराच्या बाईंनी तसंच सांगितलं होतं म्हणे, की हाताला टाळायचं नाही, हातापुढे काडीशिवाय बसायचं.

अठ्ठावीस मार्चला कंपनीचं पत्र आलं. खड्ड्यात उतरायचं काम बंद, सामानाच्या खोलीत बसून पावत्या फाडायच्या. यांनी पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. सातला मी भाजी घेऊन बसले तर हे गॅलरीत नव्हते. स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे होते.

"जा," म्हणाले, "एकच आण. अर्धी ओढून टाकतो."

मी म्हटलं, "नाही."

"तुला कळत नाही मला काय होतंय."

"कळतं."

"काय कळतं तुला? मेंदूचं पान तर सोडून दिलेलं तुम्ही." असं म्हणाले, आणि कपाळ चौकटीवर आपटलं. आवाज तोच, चार वर्षांपूर्वीचा. मग हे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "आता दुसरं आपटाल ते माझ्याकडे बघून. तसं तुम्हीच लिहून दिलंय. पत्र आहे माझ्याकडे, आणू?"

हे तसेच उभे राहिले. कपाळावर लाल वळ. मग खाली बसले, तिथेच चौकटीत, आणि म्हणाले, "घड्याळ बघ."

मी घड्याळ बघितलं. सात वाजून बारा. यांचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता. सतराला यांना घाम फुटला. वीसला म्हणाले, "आहेस ना?" म्हटलं, आहे. बावीसला हे उठले आणि तोंड धुतलं. मीही उठले, आणि तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. माझ्या पायात चप्पल होती, ताई. कधी घातली मला माहीत नाही. मी नाही म्हणत होते आणि पाय तयार होऊन बसले होते. त्यांच्याच डोक्यात बटण आहे असं इतके दिवस मला वाटत होतं.

हे त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

चार तारखेला सर्जनकडे गेलो. त्यांनी पट्टी सोडली, जखम बघितली, भरली आहे म्हणाले. मग पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, दोन बोटं ठेवून डोळे मिटले. किती वेळ. मी यांच्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि मला एकही तारीख वाचता येत नव्हती. मग ते म्हणाले, "इथे ठोका लागतोय. मागे लागत नव्हता. आज कापायचं काही नाही. तीन महिन्यांनी या." मला म्हणाले, "तुम्ही बघा हात लावून. रोज बघत जा, थांबला तर त्याच दिवशी या."

त्यांनी माझं बोट धरून जागेवर ठेवलं. आधी काही कळेना. मग कळलं. अगदी बारीक, कापडाखाली मुंगी चालावी तसं.

आता रोज सकाळी हे उठले की पाय पुढे करतात आणि छताकडे बघत राहतात. मी बोट ठेवते. लगेच सापडत नाही. बोट जरा अलीकडे, जरा पलीकडे करावं लागतं, आणि तेवढ्या वेळात आम्ही दोघंही श्वास घेत नाही. मग सापडतो. आजही सापडला.

तुमची वहिनी